एकोणीस वाटा

तिचं खरं नाव मतदार यादीत होतं, आणि धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पालक’ या रकान्यात. बाकी सगळ्या गल्लीला ती चिमटाबाई. बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा सदा अंबाड्यात खोचलेला असतो म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगायची. शिंपीकाकांच्या मते ते तिच्या बोलण्यावरून पडलं होतं.

शिंपीकाकांच्या दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग तिचा होता. मधे पडदा नव्हता, एक समजूत होती. त्यांच्या कापडाचे धागे तिच्या टेबलावर यायचे नाहीत आणि तिच्या सोल्डरचा धूर त्यांच्या पांढऱ्या कापडावर जायचा नाही. दोन्ही गोष्टी रोज व्हायच्या आणि दोघं रोज भांडायची.

वडील घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्याकडून तिने एक सवय उचलली होती. वस्तू उघडण्याआधी ती कागदावर तिचं चित्र काढायची आणि निघालेला एकेक स्क्रू चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवायची. कोणी हसलं तर म्हणायची, “स्क्रू सगळे भाऊ-भाऊ दिसतात. पण एकाची जागा दुसऱ्याला दिलीत की भांडण लागलंच म्हणून समजा.” तिच्या मागे भिंतीला सोळा खणांचं कपाट होतं. त्यात मेलेल्या फोनचे जिवंत अवयव असत: स्पीकर, बटणं, कॅमेरे, चार्जिंगची तोंडं. प्रत्येकाला एक चिठ्ठी, कोणाच्या फोनमधून आला आणि तो फोन कशाने गेला याची. पाण्यात पडला. जिन्यावरून पडला. नवऱ्याने फेकला.

मग चिकटवलेले फोन आले. स्क्रू गेले आणि डिंक आला. उघडायचं तर काच तापवा, पातं घाला, श्वास रोखून धरा. दहातले दोन उघडताना हातातच फुटत. ज्यांचे फुटले त्यांच्या दारात जाऊन तिला सांगावं लागे. “वस्तू विकताय का चिकटवलेलं पाकीट?” ती बंद फोनकडे बघून विचारायची, आणि तो दिवसभराचा राग शिंपीकाकांच्या कात्रीवर निघायचा.

अशा दिवसांत एका दुपारी धाकटा आला. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. त्याला वाढवलं, शिकवलं ते तिनेच. आता तो मोठ्या शहरात एका नव्या फोन कंपनीत इंजिनिअर होता. त्याने खिशातून फोन काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “ताई, हा उघड.”

“गरम हवेचं यंत्र लावू?”

“काही नको. मागचं झाकण नखाने काढ.”

झाकण नखाने निघालं. आत एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर खाचेत निजवलेला होता. आणि सात भाग, प्रत्येकावर त्याचं नाव आणि कुठे ओढायचं त्याचा बाण. शिंपीकाकांनी तोंडाने ओला करून सुईत दोरा ओवला, तेवढ्या वेळात अख्खा फोन टेबलावर वेगवेगळा होऊन पडला. तिने त्याचं चित्र काढलं नाही. चित्र आतच छापलेलं होतं. आजवर जी वस्तू हातात येई ती काहीतरी लपवत असे, आणि तिच्याकडून ते काढून घ्यावं लागे. ही वस्तू दार उघडं टाकून बसली होती.

“कोणी केला रे हा?” तिने विचारलं.

“आम्ही,” धाकटा म्हणाला. तो ‘आम्ही’ ऐकून तिला जे वाटलं, ते तिने शिंपीकाकांनाही सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीने फोनच्या पुस्तिकेसाठी तिला तीन दिवस बोलावून घेतलं. पांढऱ्या खोलीत, वरून कॅमेरा फक्त तिच्या हातांवर. समोर तीन-चार तरुण मुलंमुली लिहून घेत होती, आणि मागच्या रांगेत मांडीवर संगणक ठेवून धाकटा. फोन कसा उघडावा हे पहिल्या दिवशीच संपलं. मग त्यांनी तिला बोलतं केलं. भाग मिळाला नाही तर काय करता? जळालेल्या फोनमधला चालतो का? दुसऱ्या मॉडेलचा? ती खुलली. जे आजवर कोणत्याही कारागिराला सांगितलं नव्हतं ते सगळं तिने सांगितलं. तीन मेलेल्यांतून एक उभा कसा करायचा. जुन्या बॅटरीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून कशी सुरू करायची. मापाचा नसलेला कॅमेरा कागदाची घडी घालून कसा बसवायचा. कागदाच्या घडीवर मुलांनी टाळ्या वाजवल्या. निघताना एक मुलगी वाकून तिच्या पाया पडली. फोनबरोबर जी पुस्तिका निघाली तिच्या पहिल्या पानावर तिचेच हात होते. डाव्या अंगठ्यावरचा सोल्डरचा डागसुद्धा दिसत होता.

गावभर फिरून फोन खपवणं हा तिचा धंदा नव्हे. पण त्या वर्षी तिने दुसरं केलं काय? मिक्सर घेऊन आलेल्याला फोन दाखवायचा, इस्त्री घेऊन आलेल्याला फोन दाखवायचा. “घ्या हा. दहा वर्षं चालेल. कंपनीवर जाऊ नका, माझ्यावर जा. एखादा मेलाच, तर त्याचे भाग बाकीच्यांना पुरतील.” कंपनीने कमिशन देऊ केलं तेव्हा तिने घेतलं नाही; घेतलं असतं तर शब्दाचं वजन कमी झालं असतं, असं तिला वाटलं. बघता बघता अडतीस घरांत तो फोन गेला. गणिताच्या निवृत्त सरांनी स्वतः कॅमेरा बदलला आणि आठवडाभर वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं. बसचालकाचा फोन त्याच्याच बसच्या चाकाखाली गेला, तेव्हा त्याने उरलेले तुकडे पिशवीतून आणून तिच्या टेबलावर ओतले. “घे, दानधर्म!” त्यातले चार भाग धडधाकट निघाले आणि चिठ्ठ्या लावून खणात गेले. दोन वर्षं अशी सुखाची गेली.

मग एका दुपारी नर्सबाई आल्या, एका हातात बिघडलेला मिक्सर, दुसऱ्यात फोन. त्या सरकारी दवाखान्यात होत्या. पलीकडच्या गल्लीत एकट्या राहत आणि परदेशातला मुलगा दर रविवारी फोन करत असे.

“त्याला माझं बोलणं ऐकूच जात नाही गं,” त्या म्हणाल्या. “तो आपला ‘आई, आई’ करतोय आणि मी इथे ओरडतेय. शेजारीण विचारायला आली, भांडण झालं का म्हणून.”

“माइक गेलाय. दोन्ही ठेवून जा, उद्या या.”

बसचालकाचा माइक खणात होताच. तिने तो बसवला, फोन सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली: *हा भाग ओळखता आला नाही. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.*

चूक आपलीच असणार असं तिने धरलं. भाग काढला, टोकं पुसली, पुन्हा बसवला. तीच अक्षरं. भिंग लावून एकेक पिन पाहिली. खणातला दुसरा एक माइक लावला. तीच अक्षरं. शिंपीकाकांनी चहा आणला, तो निवून गेला. शेवटी तिने स्वतःचा चालता फोन उघडला, त्यातला चांगला माइक काढून नर्सबाईंच्या फोनला लावला. नाही. आपल्या फोनला त्यांचा मेलेला माइक लावला तर तोही तेच म्हणाला, त्याच शब्दांत. मेला भाग आणि जिता भाग, दोघांना एकच उत्तर. मागच्या गुरुवारी सगळ्यांच्या फोनवर कंपनीकडून काहीतरी आपोआप येऊन बसलं होतं, ते तिला तेव्हा आठवलं. तिने हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

“काय झालं?” शिंपीकाकांनी विचारलं.

“दुखणं फोनला नाहीये, काका.”

धाकट्याला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मी येतो, ताई. समोर बोलू.” समोर बोलू म्हणतो म्हणजे काय, हे तिला कळायचं बाकी नव्हतं. तरी रविवारची सकाळ उजाडेपर्यंत तिने मनाला सांगून पाहिलं, की त्यालाही ठाऊक नसेल. वरच्या साहेबांनी केलं असेल. तोही आपल्यासारखाच फसला असेल.

नर्सबाईंना तिने रविवारी अकराला बोलावलं होतं. धाकटा दहालाच आला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि पायाशी बॅग ठेवली. शिंपीकाका मशीनवर वाकलेले होते. शिवण कधीची संपली होती, तरी पाय हलत होता.

“चोरीच्या फोनचे भाग विकले जात होते, ताई,” त्याने सुरुवात केली. “लोकांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक भागाला त्याच्या फोनशी बांधावं लागलं.”

“माझ्या खणात चोरीचं काय आहे?”

“तुझ्याबद्दल नाही बोलत मी.”

“मग कोणाबद्दल बोलतोस? तुला माहीत होतं का, एवढं सांग.”

तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “होतं.”

“कधीपासून?”

“ते तीन दिवस होते ना... तू आली होतीस.” तो थांबला. “बाहेरचा भाग फोनमध्ये कुठल्या कुठल्या वाटेने शिरू शकतो, याची यादी हवी होती. एकोणीस वाटा निघाल्या. मग एकेक बंद केली.”

“कागदाची घडी?”

“चौदावी.”

शिंपीकाकांचा पाय थांबला.

“यादी कोणी लिहिली?” तिने विचारलं. आवाज साधाच होता, किती स्क्रू निघाले विचारावं तसा.

“मीच, ताई. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर तुझं एवढं ऐकून घेतलं नसतं. मला वाटलं, तुझं ज्ञान... कुठेतरी नोंदलं तरी जाईल.”

त्या खोलीत ती दर वेळी मागच्या रांगेकडे बघून बोलली होती. बाकीच्यांना कळो न कळो, त्याला कळावं म्हणून सावकाश बोलली होती. ते आठवलं तसे तिचे कान तापले.

“ऐक ना,” धाकटा घाईने म्हणाला. “तुझ्यासाठी मी परवानगी काढलीय. खास. या शहरात फक्त तुला. कंपनीचे नवे भाग तू बसवायचे, फोन ते ओळखेल. तुझी अडतीस माणसं आहेत ना, त्यांचं काही अडणार नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही काही बदललंय ते.”

“आणि खणातले?”

“ते... आता काही उपयोगाचे नाहीत.”

एवढ्यात नर्सबाई पायरी चढून आल्या. “अय्या, धाकटे साहेब! केवढा मोठा झालास रे. ताईला काही खायला-प्यायला आणलंस का, का रिकाम्या हाताने?”

तो ओशाळून हसला. चिमटाबाईने नर्सबाईंचा फोन पुढे केला. “नवा माइक आणलायस ना? बसव.”

“मी?”

“तूच.”

त्याने बॅगेतून बंद पाकीट काढलं. झाकण काढताना त्याचं नख मोडलं. स्क्रू काढला आणि तो टेबलावर ठेवला नुसता. घरंगळून खाली गेला. ज्याने हा फोन ‘आम्ही’ म्हणून केला होता, त्याने तो हाताने बहुधा कधी उघडलाच नव्हता. शिंपीकाकांनी टाचण्या गोळा करायचं चुंबक जमिनीवरून फिरवून स्क्रू शोधून दिला. अखेर भाग बसला. त्याने आपल्या फोनवर काही आकडे टाकले. नर्सबाईंच्या फोनमधून गोड आवाज आला. कोणतीही अक्षरं आली नाहीत.

नर्सबाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. “ऐकू येतंय? येतंय ना? बरं बरं, ठेव, बिल वाढेल तुझं.” त्यांचा चेहरा फुलला. “झालं की! मला वाटलं, आता नवा घ्यावा लागतोय.”

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, थोडी सुटकाही. इथे गप्प बसलं की संपलं. अडतीस घरं सुखात राहतील आणि तिचा शब्दही वरून दिसायला शाबूत राहील.

“नर्सबाई, बसा जरा,” ती म्हणाली. “तुम्हाला मी एक सांगितलं होतं. एखादा फोन मेला तर त्याचे भाग दुसऱ्यांना चालतील म्हणून. ते आता चालत नाहीत. कंपनीने बंद केलं. हा भाग नवा आहे, आणि तो यांनी हो म्हटलं म्हणून चालला. उद्या नाही म्हणाले तर मी काही करू शकणार नाही. मी दहा वर्षं म्हणाले होते, ते माझ्या हातात राहिलं नाही.”

नर्सबाईंना समजायला वेळ लागला. त्या आधी धाकट्याकडे वळल्या. “तुम्ही लोकांनी केलंत?”

“हो,” तो खाली बघत म्हणाला.

“आणि तुला?” त्या चिमटाबाईला म्हणाल्या. “तुला ठाऊक नव्हतं?”

“बंद काय काय करायचं, ते मीच त्यांना दाखवलं. कशासाठी विचारतायत ते माहीत नव्हतं.”

“अगं, मी कंपनीचं नावसुद्धा वाचलं नव्हतं,” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “तू म्हणालीस म्हणून घेतला.”

“हो.”

यापेक्षा त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली, ती नीट लागली का ते चाचपून पाहिलं. मग फळीकडे बोट दाखवलं. “माझा मिक्सर झालाय का?”

“कालच.” तिने तो उतरवून पुढ्यात ठेवला.

एरवी त्या मिक्सर काखेत मारून, बोलत बोलतच पायऱ्या उतरल्या असत्या. आज हात लावला नाही.

“जरा लावून दाखवतेस?”

चिमटाबाईने वायर टेबलाखालच्या सॉकेटमध्ये घातली आणि बटण फिरवलं. मिक्सर एकदम घरघरला. धाकटा काहीतरी बोलला, ते कोणालाच ऐकू गेलं नाही. नर्सबाईंनी मान थोडी तिरपी केली, पहिला वेग ऐकला, दुसरा ऐकला, मग तिसराही लावायला सांगितला. चिमटाबाईने तो लावला आणि त्या पुरे म्हणेपर्यंत बटणावरचा हात काढला नाही.