पाव किलो चुना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या अंगात भलताच शहाणपणा शिरला होता. सुटीत यवतमाळहून घरी आलो, तेव्हा दिग्रसजवळच्या आमच्या शेतात संत्र्याची साठ झाडं पाचव्या वर्षी पहिल्यांदाच फळाला आली होती. बाबा रोज सकाळी झाडाखाली थांबून फळं मोजत आणि आईला दरवेळी वेगळाच आकडा सांगत.

बुरशीसाठी झाडांवर बोर्डो मिश्रण फवारायचं होतं. बाबांची रीत ठरलेली होती. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, आणि एक किलो कळीचा चुना. मला हसूच आलं. अहो, रसायनशास्त्रात वजनाला वजन लावून भागत नाही, कणाला कण लावावा लागतो. मोरचुदाचा कण जड, चुन्याचा हलका. वहीत मांडून पाहिलं, तर किलोभर मोरचुदाला सव्वादोनशे ग्रॅम चुना पुरत होता. म्हणजे बाबांच्या पिंपात आधी मोरचूद संपणार, तोच लिमिटिंग रिएजंट, आणि माल, म्हणजे तांब्याचा निळा साका, किती पडणार तेही त्याच्यावरच ठरणार. थिअरॉटिकल यील्डसुद्धा काढलं, म्हणजे कागदावर पडायला हवा तेवढा माल, तीनशे नव्वद ग्रॅम. बाकीचा चुना फुकट चालला होता.

बाबा विहिरीवरच्या पंपाची मोटार दुरुस्तीला घेऊन दिग्रसला गेले, त्या दिवशी मी उदार मनानं पाव किलो चुना टाकला आणि सगळी झाडं फवारून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा काळ्या पडल्या. मग फळं गळायला लागली, लिंबाएवढी, हिरवीगार. बाबांनी विचारलं तसं मी सगळं कबूल केलं, वहीही दाखवली. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

त्यांनी पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात विळा बुडवून धरला. थोड्या वेळानं पात्यावर तांबूस थर चढला. असं झालं की समजायचं, तांबं मोकळं राहिलं, पानं जळतात, अजून चुना पाहिजे, हे ते फवारणीआधी दरवेळी असंच बघत. इतक्या वर्षांत मी कधी लक्षच दिलं नव्हतं. जो उरणार म्हणून मी हिशेब केला, तोच आधी संपला होता. चुना मागच्या हंगामातला, फाटक्या पोत्यातला, हवा लागून जोर गेलेला, निम्माअधिक मेलेला. हिशेबात मी तो ताजा धरला होता.

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. बाबांनी विळा धुतला.

"हिशेब तुया बरोबरच असन," ते म्हणाले. "चुना मेला होता, थे वहीले कसं मालूम?"

संध्याकाळी शेजारचे शेतकरी झाडं बघायला आले. पानं काहून जळली, असं त्यांनी विचारलं.

"माया हातून चुना कमी पडला," बाबा म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं.

आता मी पुसदला अकरावीला रसायनशास्त्र शिकवतो. वहीतलं यील्ड शुद्ध मालाचं असतं, आधी हातातला माल तपासा, हे पोरांना घसा फोडून सांगतो. हे कुठं शिकलो, ते मात्र सांगत नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गावी गेलो की अजून कोणीतरी म्हणतं, तुमचे बाबा शेतीत लय पक्के, फक्त एकदा संत्र्याच्या चुन्यात चुकले.

मी हो म्हणतो.