तुपाला दुसरं नाव सापडलं न्हाय

गौरावहिनी गेल्याचं मला मुरुमच्या बाजारात कळलं. फोनवर पुतण्या रडत होता... मी तिथंच एका पोत्यावर बसलो. त्याला आता महिना झाला. मी चौथीच्या पुढं शिकलो न्हाय, पण वहिनींबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार न्हाय, म्हणून मीच लिहितो.

थोरल्या भावाशी लग्न होऊन वहिनी कर्नाटकातल्या आळंदकडून आमच्यात आल्या, त्याच दिवशी आमच्या आईनं बजावलं, "या घरात कानडी चालायची न्हाय." त्यांचा धाकटा भाऊ भेटायला आला तरी मराठीतच बोलायचं. त्याला मराठी येईना. बहीण-भाऊ समोरासमोर मुक्यावाणी बसायचे... मला ते बघवत नसे.

मग माझ्या लग्नाची पंगत बसली. आमच्याकडं भातावर तूप पडल्याबिगर कुणी घास उचलत न्हाय, आणि तूप वाढायचा मान थोरल्या सुनेचा. वहिनी भांडं घेऊन आल्या आणि पहिल्याच पानापुढं थांबल्या. पानावर माझे मामा.

"मामा, हे काय हाय?"

"तूप. वाढ की गं, भात निवतोय!"

"कानडीतबी ह्याला तुप्पच म्हणतात. आत्याबाई म्हणतात, कानडी चालत न्हाय. दुसरं नाव सांगा, मग वाढते."

कुणीतरी म्हणालं, "घी म्हणा."

"ते उत्तरेकडचं," मामांनीच उडवून लावलं. "आपण काय दिल्लीचे हाव व्हय?"

मग कुणी म्हणालं, अक्काबी कानडीत हाय, अण्णाबी हाय. आमचे वडील म्हणजे गावाचे अण्णा, ते पार चपापले. भात थंड होत चालला. शेवटी आई दारातून कडाडली, "बोल बाई, तुला काय बोलायचं ते बोल, पण वाढ!"

वहिनींनी तूप वाढलं आणि पंगतीत बसलेल्या भावाला सगळ्यांदेखत खणखणीत हाक मारली, "तम्मा, ऊटा माड!" म्हंजे, जेव रे बाळा. तो रडत रडत जेवला.

तूप हा शब्द कानडीनं मराठीला दिला की दोघींनी जुन्या बोलीतून उचलला, यावर शिकलेली माणसं भांडतात म्हणे. भांडू द्या. आमच्या घरचा निकाल त्या पंगतीत लागला.

तेराव्याला वहिनींच्या नाती चुलीपाशी आजीनं शिकवलेल्या कानडीत बोलत होत्या, हसतबी होत्या. शेजारचे आबा कुरकुरले, "दुखवट्याच्या घरात हा कसला कालवा?"

म्या आत हाक दिली, "पोरींनो, जरा मोठ्यानं बोला गं. आबांना नीट ऐकू जाईना."