लांडग्याच्या पुस्तकातली आई

पुस्तकाला हात लावण्याआधी ती स्वतःची बोटं हुंगायची. तळ्यातली मासळी विकून झाली की टोपली कडुनिंबाखाली ठेवायची, हापशावर साबणानं हात धुवायची, बोटं नाकाशी न्यायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा धुवायची. मग आत. "भाऊ, पुढं काय होते असं पुस्तक द्या. नुसतं मनात वाटणं-बिटणं नाई पायजे."

सिंदेवाहीच्या वाचनालयात मी तेव्हा पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो. वाचक तुम्हीही पाहिले असतील. निम्मे पेपरातल्या जाहिरातींसाठी येतात, उरलेले पंख्यासाठी. वाचायला येणारी ही एकटीच, चौथीपर्यंत शिकलेली. कादंबरी पसंत पडली नाही तर लेखकाआधी मला झापायची. "तुमी हे वाचलं होतं का? मंग मले काऊन दिलं?" मी वाचलेलं नसायचं. तिला ते माहीत असायचं.

तिची मुलगी कॉलेजात होती. एका उन्हाळ्यात ती वरोऱ्याच्या एका परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली आणि तिकडंच लग्न केलं. बापानं सांगून टाकलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. मागे राहिलं ते तिनं आमच्याकडून नेलेलं एक पुस्तक, तिच्या उशाशी.

तरुण पोरापोरींसाठीची भाषांतरित कादंबरी होती ती. पौर्णिमेला लांडगा होणारा एक देखणा पोरगा आणि त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी. परत करायच्या ऐवजी बाईनं ती वाचायलाच घेतली. पोरीच्या मनात काय चाललं होतं ते त्यात सापडेल, असं तिला वाटलं. रोज येऊन मला हाल सांगायची.

"अर्धं पुस्तक झालं भाऊ, लांडग्यानं एक बकरी नाई उचलली. नुसता खिडकीपाशी सुस्कारे सोडून राह्यला."

"प्रेमकथा आहे ती, बाई."

"प्रेम करते त जेवत नाई का? आपल्या इकडं माणसाचा वाघ होते म्हंतात, तो गाव हालवून सोडते. याले त कुत्रं बी भुकत नाई."

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

शेवटचं पान वाचून आली त्या दिवशी तिनं हातही धुतले नव्हते. पुस्तक टेबलावर आपटलं.

"मायले काऊन नाई विचारलं?"

"कोणाच्या मायला?"

"त्या पोरीच्या. पोरगी लांडग्यासंगं जंगलात निघून गेली. माय सुरुवातीलेच बहिणीकडं गेली ते गेलीच. पोरगी जेवली का, कुठी झोपली, विचारायले एक माणूस नाई पुस्तकात. लिवणाऱ्याले माय नव्हती का?"

तिचे डोळे भरून आले होते. पुस्तक तिनं परत पिशवीत टाकलं. "आता जमा नाई करत. तिलेच विचारून येतो, याच्यात काय होतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न सांगता सुके झिंगे बांधून ती एसटीत बसली. परतली ती थेट वाचनालयात. "तिनं ते उघडलंच नव्हतं, भाऊ. फुकट वाचलं म्या." चेहरा मात्र असा खुलला होता की मलाच बरं वाटलं. नवरा दोन दिवस बोलला नाही म्हणे. मग हळूच विचारलं, झिंगे आवडले का तिला?

पुढं ती लेकीकडं जात राहिली. मी पुस्तकाचा तगादा लावला की म्हणायची, "तिच्याकडं आहे. अजून काम आहे त्याचं." वैतागून शेवटी मी दुसरी प्रत मागवली आणि चक्क वाचून काढली. टुकारच होती. आई त्यात पुन्हा कुठेच येत नाही.

एका पावसाळ्यात बाई तापानं गेली. कडुनिंबाखाली टोपली दिसेनाशी झाली आणि मला तिथं बसवेना.

बऱ्याच महिन्यांनी तिची मुलगी पुस्तक परत द्यायला आली. मासळी तिनं कधी विकली नव्हती, तरी दारात थांबून तिनं बोटं हुंगली.

"आवडलं का गं?" मी विचारलं.

"मी नाई वाचलं, काका. आईनं वाचून दाखवलं, बाळंतपणात, रोज थोडं थोडं. सुरुवातीले बोरच आहे. पण शेवटी ते माय पोरीले शोधत जंगलात येते ना, शिदोरी घेऊन? तिथी मी खूप रडली."

ते पान दाखवते म्हणून ती पुस्तक उघडायला लागली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"असू दे," म्हटलं. "मी वाचलंय."