डावीकडची सीट

गाडीच्या सीटना लेदर घरच्या घरी बसवायचं, हे मी व्हिडिओ बघून ठरवलं. पार्किंगमध्ये चटई टाकली आणि डावीकडच्या, म्हणजे बायकोच्या सीटचं जुनं कापडी कव्हर सोलून काढलं. आतला फोम नेमका माझ्या बाजूला दबलेला होता. इतकी वर्षं ही माझ्याकडे कलून बसत होती तर! मला आपलं उगाच भरून आलं. नवा फोम घातला तर लेदर झकास बसणार होतं, पण तो कल कायमचा जाणार होता. काय करावं ते कळेना. शेवटी तिलाच खाली बोलावलं.

"तू माझ्याकडे कलून का बसतेस गं?"

"अहो, तुम्ही ब्रेक उशिरा मारता. हँडब्रेक हाताशी असलेला बरा."

माणूस जवळ सरकतो तो मायेनं की धास्तीनं, हे फोमवरून कसं ओळखायचं? गोंधळातच मी जुन्या फोमवर लेदर ताणलं. पडायच्या त्या सुरकुत्या पडल्याच.

"बसून तर बघू," म्हणत ती आत शिरली. मी शेजारी स्टिअरिंगमागे बसलो. ती सवयीनं माझ्याकडे कलली.

गाडी बंद होती. किल्ली वर घरात होती.