उलट्या अक्षरांची कादंबरी

छापखान्यातले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उलटे असतात, आरशात दिसावेत तसे. ते वाचता येणं हे ते जुळवणाऱ्या कंपॉझिटरचं काम. मुद्रितशोधकाला त्याची गरज नसते, त्याच्या हातात कागदच येतो. मी मुद्रितशोधक होतो. तरीही गिरगावातल्या आमच्या छापखान्यात तीन-चार महिन्यांत मी उलटं वाचायला शिकलो. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. पंगतीत शेजारच्या पानावर काय वाढलंय ते बघायला मान आपोआप वाकडी होते, त्यातला तो प्रकार.

शेजारचं पान होतं आमच्याच एका कंपॉझिटरचं. हा लालबागचा, वडील गिरणीत, घरात मालवणी. माझ्याच वयाचा आणि माझा मित्र. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो, म्हणजे त्याच्या डब्यातला बांगडा मी खायचो आणि माझ्या डब्यातल्या पडवळाकडे तो बघायचा. त्या काळात मी कादंबरी लिहीत होतो. हे सगळ्या छापखान्याला माहीत होतं, कारण मीच सांगत असे. चारशे पानं. नायक गिरगावातला, बुद्धिमान, कुणालाही न समजलेला. दिसायला साधारण माझ्यासारखा, फक्त उंच.

आणि हा गडी, ज्याने ‘मी लिहितो’ असं चुकूनही कधी म्हटलं नव्हतं, हात धुऊन टाइपाच्या घरांपुढे, म्हणजे एकेका अक्षराच्या खणांपुढे, उभा राहायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासात काहीतरी जुळवायचा. समोर कागद नाही, हस्तलिखित नाही. डोक्यातून थेट खिळ्यांत. जुळवलेला मजकूर गॅलीत, म्हणजे लोखंडी तबकात, बांधून ठेवायचा आणि मालकांना दिसू नये म्हणून रद्दीच्या मागे सरकवायचा. प्रूफसुद्धा काढायचा नाही. कागद आणि शाई मालकांची, असं त्याचं म्हणणं.

“हे काय चाललंय?” मी एकदा विचारलं.

“कादंबरी हा,” तो म्हणाला, जसं कुणी ‘चटणी हा’ म्हणेल.

मी हसलो. मग तो पाणी प्यायला गेला तेव्हा वाकून वाचायला लागलो, आणि हसू जिरलं.

एक गिरणी कामगार पाळी संपवून आपल्या चाळीचे तीन जिने चढतो, एवढीच गोष्ट. पण ती पानावर चढत होती. शब्द पायऱ्यांसारखे एकेक करून वर सरकत होते, म्हणजे वाचणाऱ्याने पानाच्या तळापासून सुरुवात करायची. नळावरची रांग आली तिथे ओळीला एकच अक्षर, एकाखाली एक, मधेच एक अक्षर रांग मोडून घुसलेलं, आणि बाजूला बारीक टाइपात त्यावरून झालेलं भांडण. तळटीपांमधून शेजारी बोलायचे. आधी दोन ओळी, मग चार, आणि बाराव्या पानापर्यंत तळटीपा इतक्या वर चढल्या की मूळ गोष्टीला डोक्यावर एक ओळ उरली. तो माणूस त्या एका ओळीत दम खात उभा होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्याकडे सभांची हस्तपत्रकं रात्रंदिवस छापली जात. मालक स्वतः परळच्या सभेला जाऊन घसा बसवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी खुणांनी कामं सांगायचे. महाराष्ट्र, मुंबई, मराठी माणूस असं जुळवता जुळवता ‘म’चं घर एका सकाळी साफ रिकामं झालं. सगळे ‘म’ पत्रकांत अडकलेले. माझ्या मित्राने त्या दुपारी ‘म’ न वापरता पान जुळवलं. त्या पानावर कामगाराला दारात कोण आहे असं घरातून विचारतात, आणि त्याला ‘मी’ म्हणता येत नाही. तो दारात उभा राहून दुसरं सगळं सांगतो, पाळी सांगतो, खोलीचा नंबर सांगतो, तेवढा एक शब्द त्याच्याकडे नाही.

त्या रात्री घरी जाऊन मी माझ्या नायकाकडे पाहिलं. सतराव्या पानावर तो चौपाटीवर सूर्यास्त बघत होता. मी त्याला तिथेच सोडून दिलं.

मत्सर हा शब्द पुस्तकात बरा दिसतो. अंगात असताना तो ॲसिडिटीसारखा वाटतो. मी रोज त्याच्या पाठीमागे उभा राहून, मान वाकडी करून, कालचं आणि आजचं वाचायचो. एखादं पान फसलेलं सापडावं म्हणून परत परत वाचायचो. ते सापडेना, म्हणून आणखी वाचायचो.

यातच दादरचे एक प्राध्यापक आले. त्यांचं छोटंसं त्रैमासिक आमच्याकडे छापलं जाई. दोन महिन्यांपूर्वी माझी चारशे पानं त्यांनी परत केली होती आणि वर “अक्षर सुरेख आहे हो तुमचं” असं म्हणाले होते. रद्दीपाशी त्यांचा पाय गॅलीला लागला. त्यांनी वाकून पाहिलं, काही कळेना, तेव्हा माझ्या मित्राला वाचून दाखवायला लावलं. दोन पानं ऐकल्यावर खिशातला चष्मा काढून त्यांनी परत खिशात ठेवला.

“किती पानं झालीत?”

“चाळीस. दोन ऱ्हवली.”

“पुढच्या शनिवारी मला प्रूफं द्या. कागद माझा. हे मी छापणार.”

मला ते काहीच म्हणाले नाहीत. जाताना नमस्कार केला, तोही चुकून असावा.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचा माझा पराक्रम कळणार नाही. मजकूर छापून झाला की खिळे सुटे करून परत आपापल्या घरांत टाकतात. कुठला मजकूर संपला ते मुद्रितशोधकाला ठाऊक, म्हणून गॅलीच्या कडेवर खडूने ‘सोडा’ असं लिहिण्याचा हक्क त्याचा. आमच्याकडे खिळे सोडायला एक म्हातारबुवा होते. नजर अधू, खडूची ठळक खूण तेवढी दिसायची, पण खिळ्याचं अक्षर बोटांनी ओळखायचे. खडू दिसला की ते विचारत नसत.

बुधवारी माझा मित्र मोर्चाला गेला होता. मालक टाइपासाठी ओरडत होते, म्हणजे खुणा करत होते. पत्रकांचं काम अडलं होतं. मी मनाशी म्हटलं, महाराष्ट्रासाठी हा त्याग त्याने केलाच पाहिजे. मत्सराला अशी देशभक्तीची टोपी कुणी घातली नसेल. रद्दीमागच्या सगळ्या गॅल्या पुढे ओढल्या आणि प्रत्येकीवर खडूने लिहिलं, सोडा. माझा हिशेब साधा होता. शनिवार चुकेल, प्राध्यापक चिडतील, हा महिन्याभराने पुन्हा जुळवेल, तोवर माझं काहीतरी होईल. पुन्हा कशावरून जुळवेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. हस्तलिखित नाही हे मी तोंडाने शंभर लोकांना सांगितलं होतं. पण मी स्वतः हस्तलिखितवाला माणूस. कादंबरी म्हटली की ती घरी फडताळात असतेच, असं मी धरूनच चाललो होतो.

संध्याकाळपर्यंत म्हातारबुवांनी चाळीस पानं घरांत टाकली. “लय रिकामी जागा होती रे ह्यात,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी तो आला. रद्दीमागे बघितलं. गॅल्या पुसून भिंतीला उभ्या होत्या. त्याने ‘म’च्या घरात हात घालून मूठभर खिळे वर काढले आणि बोटांतून गळू दिले. तेव्हा मला कळलं. फडताळात काही नव्हतं.

डबा खाताना मी म्हणालो, “अरे, ते सोडा म्हणून मीच लिहिलं.”

“माहीत हा. एका गॅलीचो खडू पुसाचो ऱ्हवलो. तुझो ‘ड’ मी वळखतंय.”

“चुकून झालं.”

“चाळीस पानां चुकान?”

मग मी खरं ते सांगितलं, बांगड्याचा काटा काढत, मान वर न करता. त्याने आपली बोटं उघडून पाहिली. शेवटी म्हणाला, “माका आठवत नाय रे. हातान केलला. हात इसारले.”

“पहिलं पान मला येतं,” मी म्हणालो.

मी म्हणून दाखवलं. तळापासून वर, जिथे पायरी तिथे थांबून. मग दुसरं. मग नळाची रांग, कुठल्या अक्षराने घुसखोरी केली ते धरून. पाचव्या पानाशी त्याने डबा बाजूला सरकवला. फसलेलं पान शोधता शोधता सगळी कादंबरी मला पाठ झाली होती. माझ्या स्वतःच्या चारशे पानांतला एक परिच्छेद तेव्हा कुणी विचारला असता तर मला घरी जाऊन फडताळ उघडावं लागलं असतं.

त्याने प्राध्यापकांकडून तीन आठवडे मागून घेतले. रोज दुपारी मी सांगायचो आणि तो जुळवायचा. दारातल्या, म्हणजे चाळिसाव्या पानाशी आलो तेव्हा तो म्हणाला, “आता ‘म’ भरपूर हत. त्येका ‘मी’ म्हणूदे.”

“नाही. अजिबात नाही. पान मरेल.”

“माझी कादंबरी हा मा?”

“असेल. ‘म’ घालायचा नाही.”

त्याने स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची हातातली पट्टी, खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. “तुका आवडली होती मगे. सांगूक काय झाला होता?”

मी पुढची ओळ सांगायला लागलो.

मी सुधारलो असं वाचकांना वाटत असेल तर थांबा. दाराच्या आदल्याच, एकोणचाळिसाव्या पानावर, तिसऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी मी सांगता सांगता माझं एक वाक्य आधीच सरकवलं होतं. घोटीव, वजनदार, तीन विशेषणांचं. आवाज अगदी तसाच ठेवला. त्याने एक अक्षर न बोलता जुळवलं. तो आठवडा मी हवेत होतो. प्रूफं प्राध्यापकांनी स्वतःच तपासली, त्यामुळे ती माझ्या हातात आली नाहीत. कादंबरी त्याची, पण शेवटची पायरी माझी.

पुस्तक आलं. दादरला प्राध्यापकांच्या घरी दहा-बारा जण जमले होते. कोपऱ्यात बसून मी आधी एकोणचाळिसावं पान उघडलं. माझं वाक्य नव्हतं. त्या जागी, बरोबर तेवढ्याच लांबीची, कोरी ओळ होती. आधी नाही, नंतर नाही, तेवढीच. मी मान वर केली. तो समोर बसून पोहे खात होता, आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता.

प्राध्यापक बोलायला उठले. पायऱ्यांवर बोलले, तळटीपांवर बोलले. मग त्यांनी चष्मा काढला. “पण सगळ्यात थोर आहे ती एकोणचाळिसाव्या पानावरची कोरी ओळ. इथे लेखकाने काय सांगायचं टाळलं असेल, याचा मी तीन दिवस विचार करतोय.” लोकांनी पुस्तकं उघडली आणि माझ्या वाक्याच्या जागेकडे आदराने बघू लागले.

माझ्या लेखनाची आजवर झालेली ती एकच स्तुती. तीही त्याच्या पुस्तकात.