सायलसमामाचा तिसरा फोटो

संग्रहालयातल्या पोरीनं फोटो माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, यातल्या कुणाला ओळखता का? खाली छापलं होतं : ‘कागदगिरणीजवळ आपल्या नव्या होडीसह अभिमानी कारागीर, १९३४.’ अभिमानी म्हणे! माझं डोकंच फिरलं.

तो माझा सायलसमामा. आठवडाभर गिरणीत लाकडाचे ओंडके यंत्रात ढकलायचा. तिथंच त्याची दोन बोटं गेली. रविवारी उरलेल्या आठ बोटांनी लाकूड तासायचा वाकस धरून होडी कोरायचा. होडी कोरण्याएवढा जाड सीडरवृक्ष आमच्या खाडीकाठी एकच उरला होता, बाकीचे गिरणीनं खाल्ले. होडी आजीसाठी होती. ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं मागणं एकच : मेल्यावर मला आपल्या होडीतून माझ्या जन्मगावी न्या, कंपनीच्या आगबोटीतून नको.

दोन उन्हाळे गेले, मग होडी रुंदावायचा रविवार आला. कोरलेल्या खोडात पाणी भरायचं, तापलेले धोंडे सोडायचे, वरून चटया झाकायच्या आणि वाफेनं लाकूड मऊ झालं की कडा हळूहळू फाकवायच्या. हे एकदाच जमतं. मध्येच चटया काढायच्या नाहीत, गार वारा लागला की लाकूड तडकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तर अठरा वर्षांची होते.

नेमका तेव्हाच गिरणीचा साहेब एका फोटोवाल्याला घेऊन आला. चटयांखाली काही दिसत नाही, त्या काढा म्हणाला. मामानं त्याला संध्याकाळी यायची विनंती केली. साहेब हसला आणि म्हणाला, “उद्या कामावर यायचंय ना?”

मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, “काढ गं. दोन मिनिटांनी काय होतंय?”

“मामा, वारा सुटलाय.”

“काढ म्हटलं ना.”

मी काढल्या. फोटोवाल्याला दोन मिनिटं कुठली पुरतायत? इकडे उभा राहा, वाकस असा धर, हनुवटी वर कर. साहेबही मामाशेजारी येऊन उभा राहिला. तिसऱ्या फोटोच्या वेळी होडी टोकापासून मध्यापर्यंत तडकली.

आजी त्याच महिन्यात गेली. आगबोटीवर तिची पेटी पिठाच्या पोत्यांमागे ठेवली होती, आणि मामा सगळी वाट तिच्याशेजारी उभा होता. पुढं एकोणीस वर्षं तो गिरणीत राबला, वाकस पुन्हा हातात धरला नाही. मला त्यानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

“शेजारचा साहेब तर कॅमेऱ्याकडे बघतोय,” पोरगी म्हणाली, “मग हे कारागीर का मागं वळलेत?”

“होडी तडकल्याचा आवाज ऐकला त्यानं. ते ‘अभिमानी’ खोडून टाक आणि त्याचं नाव लिही. सायलस ह्यूसन.”

तिनं लिहून घेतलं. मग फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, “आणि ही, चटया हातात घेतलेली?”

“ती मी,” मी म्हटलं. “माझंही नाव लिही.”