किटलीतली साखर
गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी दारात आम्ही तिघं होतो: आई, मी आणि पेठ रोडच्या माळावर उतरलेल्या उंटवाल्यांची बाई. उंटिणीचं अर्धा लिटर दूध दीडशे रुपयांना ठरलं. आईच्या पायाची जखम भरत नव्हती, साखर आटोक्यात आली नाही तर पाय काढावा लागणार होता. दुधाचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "जोडीला घ्या, पण इन्सुलिन सोडायचं नाही." आई ते खारट दूध निमूटपणे प्यायली, बाईची किटली धुतली आणि तिच्यात मूठभर साखर घालून परत दिली. दुधाचं भांडं रिकामं परत करणं तिला जमतच नसे. मी म्हणालो, "अगं, साखर उतरावी म्हणून दूध घेतोय, आणि तू साखरच वाटतेस!" "माझ्या वाटणीची आहे, तिच्या पोरांच्या तोंडात जाऊ दे की," आई म्हणाली. मग रोज तसंच चाललं. मीटरवरचे आकडे थोडे उतरले, पण जखमेचं विष अंगात भिनलं आणि महिन्याच्या आत आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दूध घेऊन आली. मी सांगितलं तशी ती किटली खाली ठेवून पायरीवर बसली. पैसे पुढे केले तर म्हणाली, "नहीं भैया, माँजी का दूध है." आजही साखरेचा डबा उघडला की ती पायरी दिसते. त्या सकाळी ते दूध पिणारं घरात कुणी नव्हतं, तरी मी ओतून घेतलं, किटली धुतली आणि मूठभर साखर घालून तिच्या हातात दिली. शेवटच्या दुधाचे पैसे तिनं घेतले ते एवढेच.